पाऊस एक, पंचांगं दोन

वर्धा जिल्ह्यात ट्राउट मासा नाही, कधी नव्हता. तरी या माशावरून इथे वाद रंगू शकतो, कारण मासे धरणाऱ्यांच्या दोन तऱ्हा इथेही आहेत. एक पोटासाठी जाळं टाकणारा. दुसरा हौसेसाठी गळ टाकणारा आणि धरलेला मासा पुन्हा पाण्यात सोडणारा. पुढच्या संवादातले दोघे या दोन तऱ्हांचे. गळवाले कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शिकवून निवृत्त झाले. मुलगी चंदीगडला असल्यामुळे त्यांचं हिमाचलात जाणं होतं आणि तिथल्या तिर्थन नदीवर ते फ्लाय फिशिंग शिकले. जाळवाला त्यांचा जुना विद्यार्थी. बारावीनंतर बापाचं जाळं हाती घेतलेला ढिवर, धाम आणि वर्धा नदीवर फिरणारा, मच्छीमार सहकारी संस्थेचा सभासद. माणसं कल्पित आहेत, वाद खरा आहे. जुलै महिना, बाहेर झड लागलेली, आणि सरांनी नवी काठी दाखवायला काढली आहे.

जाळवाला : सर, ही काठी तं बोटाएवढी बी जाड नाही. मोठा मासा लागला तं मोडन नं जी.

गळवाले : काठी वाकते म्हणून मोडत नाही. आणि तू काठी काय बघतोस, दोरी बघ. तुमच्या गळाला शिसं असतं, त्याच्या वजनानं गळ लांब जातो. इथे गळाला वजनच नाही. पिसं आणि केस गुंडाळून केलेली ही नकली माशी, फुंकली तर उडेल. म्हणून वजन दोरीला दिलेलं असतं. काठी मागे नेली की दोरी हवेत मागे उलगडते. ती पुरती उलगडेपर्यंत थांबायचं आणि मग काठी पुढे. दोरी पुढे उलगडते आणि टोकाची माशी पाण्यावर अलगद उतरते. दोरी आणि माशी यांच्यामध्ये बारीक नायलॉनचा धागा, माशाला दिसू नये असा.

जाळवाला : म्हणजे खोटं जेवण दाखवून बोलवाचं.

गळवाले : खोटं, पण त्याच्या रोजच्या जेवणासारखं. ट्राउट हा थंड, वाहत्या पाण्यातला मासा. प्रवाहाकडे तोंड करून एका जागी राहतो आणि पाणी जे आणेल ते टिपतो. वेगाचं पाणी आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासून जातं, त्या रेघेच्या संथ बाजूला त्याचा ठिय्या. श्रम कमी, अन्न जास्त. लहान ट्राउट दिवसभर किडे खातो. मोठ्याची गोष्ट वेगळी. ब्राउन ट्राउट वाढला की त्याचं किड्यांवर भागत नाही, तो लहान मासे खाऊ लागतो आणि उजेडाला लाजतो. खडकाच्या कपारीत, बुडालेल्या ओंडक्याखाली दिवस काढायचा आणि तिन्हीसांजेला निघायचं. त्याला भर दिवसा गाठायचं तर एकच संधी.

जाळवाला : पाऊस.

गळवाले : बरोबर. आभाळ भरलं की उजेड मंदावतो आणि त्याची भीड चेपते. थेंबांनी पाण्याचा पृष्ठभाग सतत फुटत राहतो, त्यामुळे काठावरचा माणूस, काठीची हालचाल, दोरी, काहीच त्याला नीट दिसत नाही. काठची गांडुळं, मुंग्या, नाकतोडे वाहून पाण्यात येतात. पाणी जरासं चढतं, जरासं रंगतं, आणि मोठा मासा कपार सोडून काठाशी येतो. शिवाय मेफ्लाय नावाचा एक किडा असतो. त्याचं बाळपण पाण्याच्या तळाशी जातं. पंख फुटायची वेळ आली की तो वर येतो, पंख सुकवतो आणि उडतो. उन्हात लवकर उडून जातो. ओल्या, ढगाळ दिवशी पंख सुकायला वेळ लागतो, तोवर तो पाण्यावर तरंगत राहतो. मग ट्राउटला आयतं ताट. मोठ्यासाठी मात्र मी मेफ्लाय बांधत नाही. लहान माशाच्या रूपाची, दोन-तीन इंचांची माशी बांधतो. तिला स्ट्रीमर म्हणतात. ती प्रवाहात आडवी सोडायची आणि झटके देत ओढायची. मोठा ट्राउट तिला चाखत बसत नाही, झडप घालतो. काठी हातात वाकते तेव्हा, बाबा, वय विसरायला होतं.

जाळवाला : मंग श्रावणात तिकडेच मुक्काम ठोकत असान तुम्ही.

गळवाले : छे. श्रावणात तिर्थन गाळानं भरलेली असते, तिच्यात दगड गडगडत येतात. ट्राउटला काही दिसत नाही आणि माणूस वाहून जायचा. मी म्हणतो तो पाऊस एप्रिल-मेमधला, नाहीतर सप्टेंबर सरतानाचा. रिमझिम. आणि वीज चमकली की काठी खाली ठेवून पाण्याबाहेर यायचं. नऊ फुटी कार्बनची काठी नदीत उभं राहून वर धरायची म्हणजे विजेला आमंत्रण.

जाळवाला : विजेचं आमाले नका सांगू, सर. आपल्या विदर्भात दरसाली वावरातली माणसं जातात. पण मले एक सांगा. इतका चांगला मासा हाये तं आपल्या इकडे काऊन नाही आणला? बोर धरणात सोडला असता.

गळवाले : दुसऱ्या दिवशी उलटा तरंगला असता. ट्राउटला 10 ते 16 अंशांचं पाणी मानवतं. 20 च्या वर गेलं की त्याला धाप लागते. जाणते गळवाले तेव्हा काठी मिटून घरी जातात. आपल्याकडे मे महिन्यात हवा 45 अंशांच्या पुढे जाते, उथळ पाणी 30 च्या वर. आणि पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो. 10 अंशांच्या पाण्यात लिटरमागे 11 मिलिग्राम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसातच्या आसपास. आपल्या मरळीचं तेवढ्यात भागतं, कारण ती वर येऊन हवेतला श्वास घेते. ट्राउटला ते जमत नाही. म्हणून तो काश्मीर, कुलू, निलगिरी, मुन्नार अशा थंड जागीच टिकला.

जाळवाला : टिकला म्हणजे? तो तिथला नाही?

गळवाले : नाही. साहेबानं आणला. काश्मीरमध्ये 1900 साली स्कॉटलंडहून अंडी आली. त्याआधीची खेप वाटेतच मेली होती. कुलूच्या खोऱ्यात 1909 मध्ये कटराईनला अंडी उबवायचं केंद्र झालं. घरची आठवण यायची, गळ टाकायची सवय जायची नाही, म्हणून मासाच मागवून घेतला.

जाळवाला : अन् तिथं जो मासा आधीपासून होता, त्याचं काय झालं?

गळवाले : मुद्द्यावर आलास. तिकडे असेला नावाचा मासा आहे, त्याला स्नो ट्राउट म्हणतात, पण ट्राउटशी त्याचं नातं नाही. तो रोहूच्या कुळातला. जिथे ब्राउन ट्राउट माजला तिथे असेल्याची जागा आणि अन्न गेलं, पिल्लंही गेली. मी ज्याच्या मागे जातो तो मासा घुसखोर आहे, हे मला ठाऊक आहे.

जाळवाला : ठाऊक असून जाता.

गळवाले : जातो. कारण आता तिथल्या पोरांचं घर त्याच्यावर चालतं. परवाना काढावा लागतो, वाट दाखवणारा लागतो, राहायला खोली लागते. नदीवर गळवाला उभा असला की सुरुंग लावून मासे मारणारा तिकडे फिरकत नाही. आणि मी मासा खात नाही. गळाच्या टोकाचा उलटा काटा पकडीनं दाबून टाकतो, म्हणजे गळ सहज निघतो. हात ओले करून मासा धरतो, पाण्याबाहेर फार ठेवत नाही, आणि प्रवाहाकडे तोंड करून सोडतो. तो जातो, मी येतो. नदीचं काय गेलं?

जाळवाला : सर, राग नका मानू. हे सेवाग्राम-पवनारच्या मधातलं गाव हाये. गांधीजींची रक्षा याच धामच्या पाण्यात सोडली. इथं बसून विचारतो. मी मासा मारतो. त्याले दुखते, मले समजते. पण घरी चूल पेटते, बाजारात दोन पैसे भेटतात, कोणाच्या तरी ताटात तो जाते. त्याच्या मराले काही अर्थ हाये. तुम्ही त्याले ओढता, दमवता, त्याचा जीव घशाशी आणता, फोटो काढता, अन् सोडून देता. भूक ना तुमची भागली, ना दुसऱ्याची. मंग त्यानं कायच्यासाठी सोसलं?

गळवाले : माझ्या आनंदासाठी. याला सजवून बोलण्यात अर्थ नाही. पण तुझ्या जाळ्यातला मासा तडफडतो तेव्हा तुझी चूल त्याला दिसत नसते. माशाच्या बाजूनं बघितलं तर माझ्या गळाला लागलेल्यांपैकी बहुतेक जगतात. तुझ्या जाळ्यातला एकही नाही.

जाळवाला : हे बरोबर हाये. माशाले विचारलं तं तो तुमच्याकडेच येईन. मी माणसाच्या बाजूनं बोलून राहिलो.

गळवाले : आणि मी नदीच्या बाजूनं. एक गोष्ट ऐक. कावेरीवर कर्नाटकात गालिबोरे नावाचं ठिकाण आहे. तिथे देशोदेशीचे गळवाले महसीर धरायला यायचे. 1998 ते 2012 या वर्षांत प्रत्येकानं काय धरलं, किती वजनाचं, किती तास बसून, याची नोंद वहीत झाली. सहा हजारांहून जास्त महसीर त्या वहीत आहेत. पुढे शास्त्रज्ञांनी 2015 मध्ये ती वही वाचली आणि कावेरीतला खास कुबडा महसीर संपत चालल्याचं तिच्यातून कळलं. सरकारी खात्याकडे तो आकडा नव्हता, जाळवाल्यांकडे नव्हता. हौशी माणसांच्या वहीत होता. तीन वर्षांनी, 2018 मध्ये, त्या माशाची गणना अतिसंकटग्रस्त म्हणून झाली.

जाळवाला : वहीतून नेमकं समजलं कसं? मासा कमी लागाले लागला म्हणून?

गळवाले : तेवढंच नाही. कुबडा महसीर कमी लागू लागला, पण जो लागायचा तो आधीपेक्षा मोठा. गळवाले खूश, फोटो झकास. प्रत्यक्षात ते वाईट लक्षण होतं. म्हातारे उरले होते, पिल्लं येत नव्हती. मोठा मासा लागला म्हणजे नदी चांगली, असं आपण समजतो. कधी कधी तो त्या नदीच्या शेवटच्या पिढीतला असतो.

जाळवाला : अन् पिल्लं काऊन येत नव्हती?

गळवाले : तिथे जरा अवघड गोष्ट आहे. त्याच काळात त्या नदीत निळ्या पराचा महसीर वाढत गेला. तो तिथला नव्हे. तो आपला, महाराष्ट्राचा. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं 1839 मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून त्याचं शास्त्रीय वर्णन केलं होतं. पुढे लोणावळ्याला वळवण तलावावर टाटांच्या वीज कंपनीनं 1970 च्या दशकात त्याची पैदास सुरू केली. काम मनापासूनचं होतं, धरणांनी मोडलेला मासा परत आणायचं. तिथली पिल्लं राज्याराज्यांत वाटली गेली, कावेरीतही सोडली गेली. कावेरीत ती सोडून घेणारे गळवालेच होते.

जाळवाला : म्हणजे आग लावणारेही तुम्ही, अन् धूर दिसला म्हणून वहीत लिहिणारेही तुम्हीच.

गळवाले : हो. पण न लिहिणाऱ्यापेक्षा लिहिणारा बरा. आणि बाहेरचा मासा सोडायचं पाप एकट्या गळवाल्यांच्या माथी मारू नकोस. तुमची संस्था धरणात कोणतं बीज सोडते?

जाळवाला : कतला, रोहू, मृगळ. सायप्रिनस बी.

गळवाले : कतला, रोहू, मृगळ गंगेच्या खोऱ्यातले. सायप्रिनस तर परदेशचा. आपली वर्धा मुलताईकडून येते, वैनगंगेला मिळून प्राणहिता होते आणि गोदावरीत जाते. गोदावरीच्या खोऱ्याचे आपले मासे वेगळे. आणि थाई मांगूर? सन 2000 मध्ये देशात त्याच्यावर बंदी आली, तरी लोक चोरून पाळतात. पुरात तळं फुटलं की तो नदीत. मिळेल ते गिळतो.

जाळवाला : मांगूरचं मी कोणाची बाजू घेत नाही. पण कतला-रोहूचं सांगतो, सर. धरणाचा ठेका भरा लागते, बीज इकत घ्या लागते, सभासदाच्या घरी पैसा जाव लागते. गोदावरीच्या माशाचं बीज कोण देते आमाले? हॅचरीत जे तयार होते तेच मिळते. आमी काही साहेबाच्या शौकासाठी नाही सोडत.

गळवाले : हे मान्य. आता मी ज्यासाठी तुला बोलावलं ते बोलू. ही काठी तिर्थनच्या काठीपेक्षा जड आहे, मरळीसाठी घेतली. झड थांबायच्या आत धामवर जाऊ. पाणी चढतंय, ढग आहेत, मोठा मासा बाहेर निघाला असणार. तू जागा दाखव. रोजाचे पैसे देतो, आणि धरलेला प्रत्येक मासा तुझ्यासमोर सोडतो.

जाळवाला : नाही जी.

गळवाले : का रे?

जाळवाला : तुम्हीच शिकवलं होतं नं, प्रत्येक जीवाचा पैदाशीचा काळ वेगळा. मंग सांगा, तुमचा ट्राउट अंडी कवा देते?

गळवाले : थंडीत. नोव्हेंबरपासून पुढे. मादी गोट्यांमध्ये खड्डा करते, अंडी घालते आणि वरून गोटे लोटते. म्हणून हिमाचलात 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारी संपेपर्यंत ट्राउटवर बंदी असते.

जाळवाला : अन् तिकडच्या बाकीच्या नद्यांत, जिथं ट्राउट नाही?

गळवाले : तिथे बंदी पावसाळ्यात. जून ते ऑगस्टच्या दरम्यान दोन महिने.

जाळवाला : एकाच राज्यात दोन बंद्या, काऊन की दोन माशांची पंचांगं दोन. ट्राउटसाठी पाऊस म्हणजे जेवणाचा दिवस. आपल्या माशासाठी पाऊस म्हणजे बाळंतपण. पहिला पूर आला की वर्धेतून मासा वेणा नदीत चढते, वेणेतून धाममधे, धाममधून नाल्यात, नाल्यातून वावरातल्या पाण्यात. पोट अंड्यानं भरलेलं. तुम्ही म्हणता मोठा मासा बाहेर निघाला. निघाला नं. पण तो खाले निघाला नाही, पिल्लं द्याले निघाला.

गळवाले : पण मी सोडणार आहे ना त्याला.

जाळवाला : कवा? दमवून झाल्यावर? सर, प्रवाहाच्या उलट चढून ती मादी आधीच थकली असते. तिले अर्धा तास ओढा, अन् मंग म्हणा, जा बाई. ती चढन का उलटी खाली जाईन? पूर दोन दिवसात उतरते. तिचा मुहूर्त गेला तं त्या सालाची पिल्लं गेली. अन् ट्राउटचं तरी बरं. किती अंडी देते तो?

गळवाले : किलोमागे दीड-दोन हजार. मोठी मोठी अंडी.

जाळवाला : आपली रोहू किलोमागे दोन लाखांच्या घरात देते. तीन किलोची एक मादी अडवली तं हिशेब करा.

गळवाले : त्या दोन लाखांतली वाचतात किती? मूठभर. निसर्ग इतकी अंडी देतो ते त्यातली बहुतेक जाणार म्हणूनच. एका मादीनं नदी बुडत नाही. पण तुझ्या म्हणण्यात एक गोष्ट मोठी आहे. या माशांना चढतं, वाहतं पाणी मिळालं नाही तर ते अंडी सोडतच नाहीत. बांधलेल्या तळ्यात रोहू-कतला वाढतात, पण पैदास होत नाही. 1957 च्या 10 जुलैला ओडिशात हिरालाल चौधरींनी माशांना पीयूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन अंडी सोडायला लावली. आज तुमच्या संस्थेला बीज मिळतं ते त्या शोधामुळे. 10 जुलै हा देशात मत्स्य शेतकरी दिवस म्हणून पाळतात. म्हणजे जे काम पूर फुकट करतो, ते माणसाला सुईनं करावं लागलं.

जाळवाला : मंग जो फुकट करून राहिला त्याच्या रस्त्यात कायले उभं राहता? बरं, मरळीचं घ्या. तुम्ही ही काठी मरळीसाठी घेतली. मरळ पाण्यात पिल्लं घेऊन फिरते, पाहिली असन. लाल-नारिंगी पिल्लांचा गोळा वर दिसते, अन् खाली नर-मादी राखण करतात. त्या गोळ्याजवळ तुमची माशी टाकली तं मरळ येईन नं धावून?

गळवाले : हमखास येते. गळवाल्यांना ते ठाऊक आहे. प्लास्टिकचा बेडूक गोळ्याजवळ टाकतात.

जाळवाला : ती भुकेनं येत नाही. पिल्लांवर कोणी आलं म्हणून धावते. तुम्ही तिले ओढून काठावर आणलं, फोटो काढला, सोडली. तेवढ्यात बाकीच्या माशांनी पिल्लं खाऊन टाकली. मरळ जिवंत, तुमचा हिशेब साफ. गोळा कुठं गेला, ते तुमच्या वहीत येत नाही.

गळवाले : हे तुझं खरं आहे. पिल्लं राखणाऱ्या मरळीवर गळ टाकू नये. आजपासून टाकणार नाही. पण मग तूही ऐक. चढणीचे मासे धरायला नाल्याच्या तोंडाशी कामट्यांचे सापळे कोण लावतं? पहिल्या पुरात गावंच्या गावं टोपल्या घेऊन निघतात. अंड्यांनी भरलेला मासा चवीचा म्हणून जास्त भावानं विकला जातो. आणि तो मरळीच्या पिल्लांचा लाल गोळा, तो मच्छरदाणीनं उचलणारी माणसं मी पाहिली आहेत. ती काठीवाली नव्हती. माझ्या गळानं एका वेळी एक मासा लागतो. तुमचा सापळा अख्खी चढण गिळतो.

जाळवाला : खोटं नाही. लहानपणी मी बी टोपली घेऊन पळलो हावो. तवा मासा इतका होता की दोन्ही होत होतं, खाणंही अन् वाढणंही. आता वर धरण, खाली रेतीचा उपसा, मधात फवारणीचं पाणी. नाला बारा महिने वाहत नाही. धरणाच्या भिंतीजवळ चढण येऊन थांबते, मासा तिथंच घिरट्या घालते. आता सापळा लावणं म्हणजे उरलंसुरलं उचलणं. आमच्या संस्थेत मी म्हणतो, जाळ्याचा आस मोठा ठेवा, लहान मासा सुटू द्या. अर्धे ऐकतात. बाकीचे म्हणतात, मी सोडला तं दुसरा धरन.

गळवाले : म्हणजे नियम हवा.

जाळवाला : नियम हाये, सर. पाळाले पोट भरलं पाहिजे. तुम्ही दोन महिने काठी टांगली तं तुमचं काय जाईन? शौक. मी दोन महिने जाळं टांगलं तं चूल बंद. म्हणून हौसेच्या माणसानं आधी थांबाचं. तुम्ही थांबले तं मी माह्या लोकांले सांगू शकतो. तुम्हीच झडीत काठी घेऊन नदीत उभे दिसले, तं ते मले म्हणतील, पेन्शनवाल्याले चालते अन् आमाले नाही?

गळवाले : रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळणकोंड म्हणून जागा आहे. देवीच्या डोहातला महसीर कोणी धरत नाही. लोकांनी ठरवलं आणि पाळलं.

जाळवाला : पाळलं, काऊन की एका डोहापुरतं होतं, अन् देवीच्या नावानं होतं. डोह देवीले देता येते, अख्खी नदी देता येत नाही. नदीचा हिशेबच करा लागते.

गळवाले : चल, हिशेब करू. पहिल्या पुरापासून दोन महिने धाममध्ये, वेणेत आणि त्यांच्या नाल्यांत मी गळ टाकणार नाही, सोडून देण्याच्या नावाखालीही नाही. माझ्या ओळखीच्या गळवाल्यांना हेच सांगेन. पिल्लं राखणाऱ्या मरळीला हात नाही. काठी काढायची ती दिवाळीनंतर, पाणी निवळल्यावर. मासे कमी लागतील, लागू देत. पण गळ टाकणं मी सोडणार नाही, आणि त्यासाठी मासा खाल्लाच पाहिजे हेही मी मानत नाही.

जाळवाला : अन् खेळासाठी माशाले ओढाव, हे मले पटणार नाही. ते राहू द्या तसंच. बाकीचं कबूल.

गळवाले : आणखी एक. गालिबोरेसारखी वही आपल्या नद्यांना हवी. कोणता मासा, किती वजन, पोटात अंडी होती का, कोणत्या डोहात. मी एकटा लिहून काय होणार? वर्षातून माझ्या गळाला लागतात किती! मासा तुझ्या जाळ्यात दिसतो, तुझ्या बाजारात दिसतो. मी वही आणतो आणि लिहीत जातो, तू सांगत जा.

जाळवाला : मी सांगाचं, तुम्ही लिहाचं, अन् उद्या त्या वहीवरून कोणी साहेब येऊन आमचीच जाळी उचलून नेईन. तसं नाही, सर. वही तुमची, अक्षर माह्यं. तुमच्याच वर्गात लिवाले शिकलो. किती धरले ते लिवीन, चढणीत किती सोडले ते बी लिवीन. पण सोडलेल्या माशाची रोजी कोण देते, हा सवाल पहिल्या पानावर राहीन. त्याचं उत्तर तुम्ही आणा. तुमचे शिकवलेले पोट्टे ऑफिसात हायेत, माह्ये नाहीत.